चौथी कोनशिला

गाडी एक दिवस आधीच आली.

उद्या येतो म्हणून फोनवर सांगणारे वनखात्याचे साहेब आज सकाळीच विश्रामगृहाच्या पायरीवर उभे राहिले, तेव्हाच सत्यभामेनं ओळखलं की या माणसाला आपला चहा-नाष्टा नको आहे. लिंबाखाली निळा ट्रक उभा होता. पाठीवर लोखंडी पिंजरा, तळाला वाळलेलं गवत, आणि सावलीत ड्रायव्हर तंबाखू मळत बसलेला. सुंदरनगरच्या सहकारी साखर कारखान्यात यंदा ऊसच आला नव्हता. धुराडं थंड, गाडीतळ मोकळा, आणि वैशाखाच्या उन्हात एवढी एकच गाडी काय ती कामाला आल्यासारखी दिसत होती.

ती रेश्माला न्यायला आली होती.

रेश्मा म्हणजे कारखान्याच्या बागेतली अस्वलीण. सत्यभामेच्या सासऱ्यांनी, सुंदररावांनी, कारखाना उभा केला तशी बागही उभी केली, आणि हौसेनं त्या बागेत हरणं, मोर, माकडं गोळा करून तिला प्राणिसंग्रहालय म्हणायला सुरुवात केली. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली यायच्या. पुढं सरकारचे नियम आले, पिंजऱ्यांऐवजी मोकळी आवारं पाहिजेत म्हणून नोटिसा आल्या. माकडं गेली, मोर गेले, मागच्या वर्षी हरणंही वनखात्यानं नेली. राहिली एकटी रेश्मा, साखरेच्या गोदामामागच्या लोखंडी पिंजऱ्यात, जिथं चार पावलं टाकली की गज लागतात. मोकळं आवार दिलं नाही तर तिलाही आपल्या केंद्रात नेऊ, म्हणून खात्यानं मुदत घातली होती. तो पिंजरा तात्पुरता होता. चौदा वर्षं तात्पुरता होता.

आता आवार झालंच नाही असंही नाही. झालं की. पण ते कसं झालं ते ऐका.

पहिली कोनशिला खुद्द सुंदररावांनी बसवली, कालव्याच्या कडेला, आंब्यांच्या सावलीत. सवाष्णींनी ओवाळलं, नारळ फुटला, आणि त्याच पावसाळ्यात सुंदरराव गेले. मग त्यांचे मधले चिरंजीव विठ्ठलराव अध्यक्ष झाले. त्यांना वाटलं, आवार मोठ्या फाटकाजवळ असावं, येणाऱ्या पुढाऱ्याला गाडीतूनच दिसावं. दुसरी कोनशिला तिथं बसली. नकाशा बदलला, ठेकेदार बदलला, निवडणूक आली, काम थांबलं. तिसरी धाकट्या मोहनरावांनी बसवली, वडवणी रस्त्याच्या अंगाला, म्हणजे एसटीतल्या लोकांना दिसेल. त्या एका दगडामागं मात्र खरोखर काम झालं. भिंत झाली, फाटक झालं, भिंतीच्या आतून अस्वलाला ओलांडता येणार नाही असा रुंद खंदक झाला, फाटकापाशी तेवढी वाट सोडून, मध्ये बाभळी आणि मातीचा उंचवटा तसाच ठेवला. पहिल्या कोनशिलेवर आता कॉलनीतल्या बाया धुणं आपटतात. दगड चांगला आहे.

आणि मग पाऊस गेला. खंदक तयारच आहे म्हणून टँकर त्यात रिकामे व्हायला लागले, आसपासची गावं तिथून वापरायचं पाणी नेऊ लागली. तहानलेल्या गावाला नको कोण म्हणणार? पुढच्या साली भिंत आहे, पाणी आहे, म्हणून चारा छावणीही आतच उघडली. दावणीला बांधलेल्या गुरांना कोण हाकलणार? दर वेळी संचालक मंडळाची बैठक बसायची आणि दर वेळी सत्यभामा हात वर करायची, कारण दर वेळी कारण खरं असायचं. कुणी लबाडी केली असं म्हणायचीही सोय नव्हती. तिला त्याचाच जास्त राग होता.

सत्यभामा ही थोरल्या गहिनीनाथाची बायको. तो जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या जागी तिला महिला राखीवमधून संचालक केलं, आणि विधवा बाईला काहीतरी द्यावं म्हणून उद्यान समितीचं अध्यक्षपद दिलं. त्या समितीत आता एक अस्वल आणि एक राखणदार एवढंच उरलं होतं.

राखणदार आश्रुबा. तो पिंजऱ्याशी उकिडवा बसून गुळाचा खडा पुढं करत होता. सत्यभामा तिथं गेली तेव्हा रेश्मानं लांब तोंड गजांतून बाहेर काढलं. नाकपुडीवर जुन्या भोकाचा डाग होता.

"गाडी बघितलीव का वैनीसाब?" आश्रुबा म्हणाला. "गज लई बारीक हायेत. तोंड बी भाईर काढता यायचं न्हाई तिला."

"आज न्हाई जात ती," सत्यभामा म्हणाली. "आवार कशाला बांधलंय मंग?"

"ते तर मी लई वरसं ऐकतोय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

रेश्मा आली ती कपिलधारच्या जत्रेतून. गहिनीनाथ आणि ती दर्शनाला गेले होते. वाटेवर एक म्हातारा दरवेशी पाय सुजून पडला होता, आणि त्याच्या हातातल्या दोरीला हे वर्षा-दीड वर्षाचं पिल्लू. गहिनीनाथानं म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून कारखान्याच्या दवाखान्यात आणलं. पाय काही वाचला नाही. दवाखान्यातून जाताना म्हाताऱ्यानं दोरी गहिनीनाथाच्या हातात दिलीच नाही, सत्यभामेच्या हातात दिली. "बाई, इसकू बांध के नक्को रखो," तो म्हणाला, "दौडने कू जागा देव." ती तेव्हा तिशीतली, हसून हो म्हणाली. एवढा मोठा कारखाना, एवढी जमीन, एका अस्वलाला जागा द्यायला काय लागतं? गहिनीनाथानं लोहाराकडून नाकातली कडी कापून घेतली. त्यानंतर दर हंगामाला तो पिंजऱ्याशी उभा राहून म्हणायचा, पुढच्या गळिताच्या आत. मरायच्या आठवड्यातसुद्धा तेच म्हणाला, फक्त या वेळी पिंजऱ्याशी नाही, तिच्याकडे बघून. तिनं त्यालाही हो म्हटलं.

दोन माणसांना दिलेला एक शब्द. त्याची मुदत आज संपत होती.

विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत तिघं भावंडं बसली होती. साहेबांना बाहेर व्हरांड्यात पंख्याखाली बसवलं होतं. विठ्ठलराव, घरचे आण्णा, खुर्चीत, पाय वर घेऊन. मोहनराव खिडकीशी, फोन हातात. आणि लिंबागणेशला दिलेली बहीण कौशल्याबाई पलंगावर मांडी घालून. तिचे मालक बंकटराव आपल्या गटासह संचालक मंडळात होते, आणि पुढच्या आठवड्यात उपाध्यक्षाची निवड होती. बंकटराव का मोहनराव, एवढाच प्रश्न. मतं बरोबरीची झाली होती. सत्यभामेचं एक मत तेवढं कुणाच्या खात्यावर नव्हतं, म्हणूनच तर आज सकाळपासून तिला तिघांनीही चहा विचारला होता.

"वैनी, बसा," विठ्ठलराव म्हणाले. "उभ्या उभ्या बोलायची गोष्ट न्हाई."

"माझं बोलणं लहान हाय, भाऊजी. आवार आज मोकळं करा. साहेबाच्या डोळ्यांदेखत रेश्माला आत सोडा. आवार हाय म्हणल्यावर त्येंना नेता यायचं न्हाई."

"आज?" मोहनराव खिडकीतून वळले. "वैनी, आत शेकड्यानं जनावर हाय. भर उन्हाचं ते कुठं हाकलू? लोक माझ्या दारात येऊन बसतील."

"गाडीतळावर न्या. मोकळाच पडलाय. सावलीला बैलगाडीवाल्यांचं शेड हाय."

"आन् खंदकातलं पाणी?"

"राहू द्या. अस्वलाला पाणी चालतंय. लोकांनी भाईरच्या अंगानं शेंदावं."

मोहनरावांना वाटलं नव्हतं की ही बाई इतकं मोजूनमापून आली असेल.

"न्यू द्या की त्या मुक्या जनावराला," कौशल्याबाई म्हणाली. "सुटंल बिचारं. त्या जागंवर मंगल कार्यालय काढा म्हून तुमचे दाजी कवाचे सांगतेत. लग्नाला जागा न्हाई या पट्ट्यात. माझ्या पोरीच्या लग्नाला किती हाल झाले, बघितलंव की तुमी."

सत्यभामेनं काही पाहिलं नव्हतं. चैत्रात भाचीचं लग्न झालं तेव्हा कौशल्याबाईनंच तिला मागच्या खोलीत बसवलं होतं. अक्षता पडूस्तोवर आतच राहा वैनी, लोक काय म्हणतील, असं गोड बोलून. तिनं भिंतीपलीकडून हलगी ऐकली, मंगलाष्टकं ऐकली, आणि बाहेर पंगती बसल्यावर ती मागच्या दारानं घरी आली. गहिनीनाथ गेल्यापासून तिनं कोणत्याच मांडवात पाऊल टाकलं नव्हतं. कुणी बोलवायचं, तीच नको म्हणायची. एखाद्या पोरीला पुढं काही झालं तर आपल्या कपाळावर नको.

ती पाणी प्यायला म्हणून बोळात आली, तर कौशल्याबाई मागोमाग.

"वैनी, माझं ऐका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "यांना मत द्या. मी आण्णाला सांगून आजची गाडी परत धाडते. बंकटराव निवडून आले की तुमचं आवार पयलं."

"आन् मंगल कार्यालय?"

"ते बी होईल. जागा काय थोडी हाय?"

सत्यभामेनं तिच्याकडे पाहिलं. नणंद खोटं बोलत नव्हती, हे तिला माहीत होतं. सुंदररावांची सगळीच पोरं बोलताना खरं बोलत.

ती परत खोलीत आली तेव्हा दोघा भावांचं काहीतरी ठरलं होतं. मोहनरावांचा चेहराच बदलला होता.

"वैनी, तुमी म्हणता तसं करू," ते म्हणाले. "आत्ता जनावरं काढतो. चारच्या आत आवार झाडून घेतो. आन् एक सांगायचं राहिलं. दगड मी आधीच करून ठेवलाय. परळीहून घडवून आणला मागच्या म्हयन्यात. दादाच्या नावाचा."

"कुणाच्या?"

"कै. गहिनीनाथ सुंदरराव यांच्या स्मरणार्थ. आण्णाचं न्हाई, माझं न्हाई. बापाचं बी न्हाई. तुमच्या हातानं उघडू."

एवढं ऐकलं आणि सत्यभामेला बसावं लागलं. तीन कोनशिला झाल्या, पण एकीवरही त्याचं नाव नव्हतं. ज्यानं त्या जनावराला बारा वर्षं हातानं भाकर चारली त्याचं नाव कुणाला सुचलं नव्हतं, आणि आज सुचलं ते एका मतासाठी. कळत होतं तिला सगळं. तरी तिचे डोळे भरून आले.

"मत तुमचं," ती मोहनरावांना म्हणाली.

पलंगावर कौशल्याबाईनं मांडी मोडली. "बरंय," ती म्हणाली. "भावाभावांत आमी कोण. पाव्हणेच आमी." आणि पदर सावरून ती व्हरांड्यात जाऊन बसली.

दुपारभर छावणीतली गुरं हलत राहिली. धूळ एवढी उठली की वडवणी रस्ता दिसेना. लोक शिव्या देत होते, मोहनराव प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकत होते. सत्यभामा उन्हात उभी राहून शेण उचलून घेत होती. आश्रुबानं उंचवट्यावर पाण्याचा एक मोठा टोप ठेवला, बाभळीच्या फांदीला गुळाची ढेप बांधली. साहेब एकदा चक्कर मारून गेले. भिंतीची उंची पाहिली, खंदक पाहिला. ड्रायव्हरला त्यांनी जेवून घ्यायला सांगितलं, घाई नाही म्हणाले. सत्यभामेनं ते ऐकलं आणि तिला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली.

"झालं की आता," विठ्ठलराव म्हणाले. "नारळ फोडू आन् सोडू. उगं गाजावाजा नको."

"कावून नको?" सत्यभामा म्हणाली. "माणूस नव्या घरात जातो तर वाजतगाजत जातो. ती काय चोरासारखी जाईल? हलगी बोलवा."

विठ्ठलराव जरा घुटमळले. "दादाला चालत नव्हतं. बागंच्या अलीकडं वाजंत्री येऊ देत नव्हता तो."

खरं होतं ते. बॉयलर पेटवायच्या पूजेलासुद्धा वाजंत्री मोठ्या फाटकाबाहेर थांबायचे. एका साली कुणीतरी ताशा घेऊन बागेत शिरला, तर गहिनीनाथ, जो कधी कुणाला अरे म्हणायचा नाही, तो त्याच्या अंगावर धावून गेला होता.

"हरणांपायी," सत्यभामा म्हणाली. "हरणं दचकून मरतेत म्हणायचे ते. आता हरणं कुठायत?"

लग्नसराई जोरात होती, तरी सटवा हलगीवाला दोन लग्नांच्या मधल्या वेळात आला. गोरज मुहूर्ताला पुढच्या गावी पोचायचंय, लवकर उरका, म्हणाला. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता. फाटकापाशी माणसं जमली, भिंतीवर माणसं चढली. छावणीची माणसं रागावलेली होती, पण अस्वल सुटताना बघायचं म्हणून तीही थांबली. चौथी कोनशिला फाटकाच्या उजव्या खांबात बसवलेली होती, सिमेंट अजून ओलं होतं. सत्यभामेनं तिच्यावरचा भगवा कपडा काढला. नाव मोठ्या अक्षरात होतं. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि हळदकुंकवाचं ताट विठ्ठलरावांच्या बायकोकडे दिलं. दगडाची पूजा सवाष्णीनं करायची.

रेश्माचा पिंजरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आणून फाटकाला भिडवला. आश्रुबानं सांगितलं, ती भाईर येऊस्तोवर कुणी खोकायचं सुद्धा न्हाई. त्यानं दार वर ओढलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक पंजा बाहेर आला, मातीवर टेकला, आणि परत आत गेला. लोखंडी तळाची सवय. मग दुसरा आला. मग सगळी रेश्मा, काळी, केसाळ, पाठीवर टक्कल पडलेली, उन्हात येऊन उभी राहिली. तिनं नाक जमिनीला लावलं आणि हुंगत हुंगत चालू लागली. पाच पावलं चालली. दहा चालली. उंचवट्यापाशी पोचली आणि तिथं वारूळ होतं, कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तिनं दोन्ही पंज्यांनी ते फोडलं, तोंड आत खुपसलं आणि वाळवी ओढून घ्यायला लागली, असा घुर्र आवाज करत की भिंतीवरची माणसं हसली.

"आरं तिच्या," आश्रुबा म्हणाला. "कुणी शिकवलं हिला."

सत्यभामा फाटकाचे गज धरून उभी होती. सुख झालं की तिला श्वास पुरत नसे, तसं आत्ता झालं. शेजारी साहेब उभे होते. त्यांनी चष्मा पुसला.

"ठीक आहे, बाई," ते म्हणाले. "आवार चांगलं आहे. मी मुदत वाढवून देतो. गाडी रिकामी नेतो परत."

तिनं हात जोडले. मग वळून सटवाला म्हणाली, "वाजव आता."

सटवानं हलगी तापवून ठेवलीच होती. काडी पडली, थाप पडली, आणि ठेका सुरू झाला.

रेश्मानं वारुळातून तोंड बाहेर काढलं. नाकाला माती लागली होती. ती क्षणभर तशीच राहिली आणि मग मागच्या दोन पायांवर उभी राहिली. लोकांना वाटलं, बघायला उठली. तिनं उजवा पाय उचलला, ठेवला. डावा उचलला, ठेवला. हलगीच्या ठेक्यावर, बरोबर. मान वर ताणलेली, नाक आभाळाकडे, कुणी तरी वरून दोरी धरून ओढावं तसं. ती जागच्या जागी गिरकी घेऊ लागली. एक गिरकी पुरी झाली, की उजवा पंजा कपाळाला लावून ती सलाम करायची. मग पुन्हा पाय. पुन्हा गिरकी. पुन्हा सलाम.

भिंतीवर शिट्ट्या सुरू झाल्या.

"थांबव," सत्यभामा म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही.

"चालू दे बे सटवा," मोहनराव ओरडले. "जोरात."

सटवानं लय वाढवली. रेश्माचे पाय लटपटत होते, चौदा वर्षं चार पावलांच्या पलीकडं न गेलेले पाय. पण ठेका एकही चुकत नव्हता. तिच्या मागच्या पायांवरून मूत ओघळत होतं. ते भिंतीवरच्या लोकांना दिसत नव्हतं, फाटकाशी उभ्या असलेल्यांना दिसत होतं.

हरणांचं ते निमित्त होतं. गहिनीनाथानं हे कधीतरी पाहिलं असणार. पाहिलं आणि बायकोला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिला झोप लागली नसती. आणि त्यानं बारा वर्षं दाबून ठेवलेलं ते तिनं स्वतःच्या तोंडानं, आनंदाच्या भरात, मागून घेतलं होतं.

ती गर्दीतून सटवापर्यंत गेली आणि तिनं हलगीच्या कातड्यावर तळवा ठेवला. गरम होतं. ठेका तुटला.

रेश्मा खाली बसली नाही. तशीच दोन पायांवर उभी राहिली, नाक वर करून, थरथरत. दोरी सैल होण्याची वाट बघत होती ती. आश्रुबा काही न विचारता आत गेला, तिच्या तोंडाजवळ हात नेला, दोरी सोडतात तसं केलं आणि गुळाचा खडा दिला. तेव्हा ती चारी पायांवर आली. वारुळाकडे तिनं परत पाहिलं नाही. चालत चालत फाटकाशी आली आणि आपल्या जुन्या पिंजऱ्यात शिरून मागच्या गजांकडे तोंड करून बसली.

"वैनी," मोहनराव धापा टाकत आले. डोळे चमकत होते. "हे ठाऊक होतं का तुमाला? आवो, दर आयतवारी माणूस मावणार न्हाई इथं. बंद पडलेल्या कारखान्याला लोक येतेत का कुठं? याला येतील."

"छावणी गाडीतळावरच ठेवू," विठ्ठलराव म्हणाले. "आवार अस्वलालाच. आता काय बदलायचं न्हाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला.

कौशल्याबाईही व्हरांड्यातून उठून आली होती. रुसवा गेला होता. "मला बी वाटलं न्हवतं," ती म्हणाली. "यांना सांगते. शेजारीच मंगल कार्यालय काढलं तर वऱ्हाडाला बी बघायला होईल. उपाध्यक्ष कोणी का होईना, घरातलंच हाय."

तिघं एका बाजूला उभी होती. सुंदररावांच्या मागं ही तिघं कशावर एक झाली नव्हती. आज झाली.

साहेब खाली बघून बोलले. "मुदत मी देऊ शकतो. पण समितीच्या अध्यक्ष तुम्ही आहात. इथं वाजंत्री, खेळ होणार नाही असं तुम्ही सांगायला हवं."

"सांगा की वैनी," मोहनराव लगेच म्हणाले. "होणार न्हाई म्हणा. आमी शब्द देतो."

आणि ते खोटं बोलत नव्हते. सत्यभामेला ते पक्कं ठाऊक होतं. आज ते देतील तो शब्द खराच असेल. पुढं एखादा पुढारी येईल, एखादी निवडणूक येईल, एखादं खरंखुरं कारण येईल, आणि बैठक बसेल, आणि आपण हात वर करू.

"गाडी न्या," ती साहेबांना म्हणाली. "तिला घेऊन जा."

कौशल्याबाई म्हणाली, "वैनी, दादाची आठवण हाय ती."

"हाय ना. मला कुणी सांगायला नको."

"दगडावर नाव हाय त्याचं," विठ्ठलराव म्हणाले. "आत्ता उघडलं तुमी. लोकांनी बघितलंय. उद्या त्या आवारात अस्वल न्हाई म्हणल्यावर लोक त्या नावावर हसतील. तुमाला कळतंय का?"

"कळतंय."

"मंग तुमी आमच्यातल्या न्हाईत," मोहनराव म्हणाले. "आन् मत?"

"मत दिलंय तुमाला. मी शब्द फिरवत न्हाई."

ते ऐकून मोहनरावांचा चेहरा कसानुसा झाला. ते छावणीच्या माणसांना हात करून गाडीतळाकडे निघाले. गुरं आजच परत आत घ्यायची तर अंधार पडायच्या आत व्हायला हवं होतं.

पिंजऱ्याला पिंजरा लावला. आश्रुबानं गूळ दाखवला, रेश्मा मुकाट या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात गेली. कडी सत्यभामेनं स्वतः लावली. गज खरंच बारीक होते. तिनं बोट आत घातलं. रेश्मानं ते हुंगलं आणि तोंड वळवलं.

सटवा मोटारसायकलवर हलगी बांधत होता. त्याचा चेहरा पडला होता. "मला ठाव न्हवतं वैनीसाब," तो म्हणाला.

"मला तरी कुठं ठाव होतं. कुण्या गावी चाललास?"

"घाटाखालच्या वाडीला. आज लई मोठी तीथ हाय. वडवणीपतुर एक गाव बिनलग्नाचं न्हाई."

तो निघून गेला. सत्यभामा तिथंच उभी राहिली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. ही गाडी वडवणीवरून जाणार, बीडवरून जाणार. रस्त्याच्या कडेला गावोगाव मांडव, मांडवासमोर हलगी, ताशे, गोरज मुहूर्ताची घाई. आणि प्रत्येक ठिकाणी गाडीच्या पाठीवर ती उठणार. उभं राहायला पुरी जागा नाही, तरी उठणार. बीड येईपर्यंत सलाम करत जाणार.

तिनं साहेबांना विचारलंही नाही. ट्रकचा दरवाजा उघडला आणि केबिनमध्ये चढली. साहेब सरकून बसले. आरशात विश्रामगृह दिसत होतं, व्हरांड्यात विठ्ठलराव आणि कौशल्याबाई शेजारी शेजारी उभी होती, आणि त्यांच्या पलीकडं धुळीत पहिली गुरं फाटकातून आवारात शिरत होती.

पहिलं गाव दोन वळणांवर होतं. लांबूनच ठेका ऐकू आला. मागं पिंजरा एकदा हलला.

"थांबवा," सत्यभामा म्हणाली.

ती उतरली. मांडव रस्त्याला लागूनच होता. नवरदेव घोड्यावरून उतरत होता, करवल्या कलश घेऊन उभ्या होत्या, भटजी घड्याळ बघत होता. मोकळ्या कपाळाची, शेणानं भरलेल्या लुगड्यातली बाई कमानीखालून सरळ आत येताना दिसली तशा बाया बाजूला झाल्या. नवरीच्या आईनं पुढं होऊन पोरीचा चेहरा पदरानं झाकला.

"बाई, तुमी आत्ताच कशाला," कुणीतरी म्हणालं. "मुहूर्ताचा टाइम हाय."

"लगीच जाते," सत्यभामा म्हणाली. तिनं हात जोडले होते. "पोरीचं कल्याण होऊ द्या. तेवढी हलगी थांबवा. गाडी जाऊस्तोवर."

हलगीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग यजमानाकडे. यजमानानं मान हलवली, बाईला लवकर घालवावं म्हणूनच. काडी थांबली.

ट्रक मांडवासमोरून हळू पुढं गेला. पिंजऱ्यातून काही आवाज आला नाही. सत्यभामा मागून पळत गेली, केबिनमध्ये चढली आणि तिनं दार ओढून घेतलं. मागं मांडवात कुणीतरी शिव्या देत होतं, मग मंगलाष्टकं सुरू झाली.

"पुढं कोणतं गाव?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.